तेलाला हात

गेलेल्या माणसाविषयीचा आदर आणि त्याने मागे ठेवलेल्या वस्तूची काळजी, ही दोन कर्तव्ये सहसा एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. परंतु क्वचित एखाद्या घरात ती एकाच उंबऱ्यावर समोरासमोर उभी ठाकतात, आणि कोणी कोणाला वाट द्यावी याचा निवाडा ग्रंथांत सापडत नाही. आदर पाळावा तर वस्तू नष्ट होते. वस्तू राखावी तर आदर मोडला असे चारचौघे म्हणतात. अशा वेळी माणसाने आपल्याच बुद्धीला साक्षी ठेवून निर्णय घ्यावा हे खरे. पण निर्णय घेणारी स्त्री असेल, तर तिला निर्णयाच्या आधी आपला आवाज शोधावा लागतो. नलूवर ही वेळ आली ती पवनारहून वर्ध्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, भर दुपारी, नवऱ्याच्या अस्थी धाम नदीत शिरवून परतत असताना.

गाडी रोशन चालवत होता. रोशन हा नलूच्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा मुलगा. मूळ गावची, रोहण्याची शेती आता तोच पाहतो. त्याच्या शेजारी भासरे स्वतः बसले होते. त्यांना सगळे बापूजी म्हणत. मागच्या आसनावर नलू आणि नागपूरहून आलेली तिची मुलगी आकांक्षा.  नलू पुढच्या दोन खांद्यांमधून समोर पाहत होती, आणि पाहता पाहता तिला स्टिअरिंगच्या मागे एक लहानसे लाल चित्र उजळलेले दिसले. चोचीच्या कुपीचे चित्र, आणि चोचीतून गळणारा एकच थेंब. क्षणभर तिला ते सुंदर वाटले. घरात तीन दिवस फोटोपुढे तेवत असलेला दिवा येथवर सोबतीला आला आहे, असे काहीतरी तिच्या मनात येऊन गेले, आणि पाठोपाठ नवऱ्याचे, सुखदेवरावांचे, वाक्य त्यांच्याच स्वरात ऐकू आले: हा दिवा लागला का देव जरी म्हनला ना, तरी गाडी पुढं न्यायची नाई.

"रोशन, लाल दिवा लागला," ती म्हणाली.

"सेन्सरचं असन काकू. जुनी गाडी आहे, काई ना काई लागूनच राह्यते."

"थांबव."

बापूजींनी मान न वळवता मुलाला सांगितले, "तुया काकूले म्हन, घरी जाऊन पाहू. अस्थी शिरवून आलं का मधात कुठं थांबू नाई."

ही त्या घरची रीत होती. भासऱ्याने भावजयीशी थेट बोलू नये, भावजयीने तर नाहीच नाही. नलू लग्न होऊन रोहण्याला आली तेव्हापासून बापूजींच्या आणि तिच्या मधे सदैव कोणी तरी उभे असे: कधी सासूबाई, कधी सुखदेवराव, कोणीच नसले तर दाराची चौकट. पाणी हवे असले की बापूजी चौकटीला सांगत, आणि पाणी ठेवले आहे हे नलू चौकटीलाच सांगे. पुढे ती वर्ध्याच्या शाळेत संस्कृत शिकवू लागली, तिच्या हाताखालून शेकडो मुली गेल्या, पिपरी मेघेत घर झाले. परंतु बापूजी दारात आले की तिचा आवाज आपोआप घशाच्या तळाशी जाऊन बसे, आणि त्यात आपला काही अपमान आहे असे तिला कधी वाटले नव्हते. तो एक प्रकारचा शिष्टाचार होता. व्याकरणातही काही वर्ण एकमेकांशेजारी आले की एकाचा लोप होतोच.

"थांबव," ती पुन्हा म्हणाली, आणि या वेळी आवाज घरातला नव्हता, वर्गातला होता. रोशनचा पाय ब्रेकवर गेला. गाडी एका कडुनिंबाखाली उभी राहिली. इंजिन बंद झाल्यावर जी शांतता पसरली तिच्यात तापलेल्या लोखंडाचा टिकटिक आवाज तेवढा उरला.

नलू खाली उतरली. तिने बॉनेट उघडायला सांगितले, ते रोशनने काहीसे नाइलाजाने उघडले, आणि तिला आपला हात पुढे जाताना दिसला. या गाडीच्या बॉनेटखाली तिचा हात आजवर कधी गेला नव्हता. सुखदेवरावांनी तिला बोरगाव मेघेकडच्या मोकळ्या मैदानावर गाडी चालवायला शिकवले होते, गिअर अडला की हसले होते, एकदा तर आर्वीपर्यंत तिला चालवू दिले होते, स्वतः शेजारी बसून. परंतु बॉनेट हा त्यांचा गाभारा होता. महिन्यातल्या एका रविवारी, आंघोळ झाल्यावर, चहाच्या आधी, इंजिन थंड असताना ते अंगणात जात. "फडकं दे," म्हणत. ती जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा देई आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राही. ते इंजिनातली तेल मोजायची काठी ओढत, पुसत, पुन्हा आत घालत, पुन्हा ओढत आणि दोन्ही हातांत आडवी धरून डोळ्यांजवळ नेत. "मी पाहू का?" असे तिने एकदा विचारले होते. "बॉनेट उघडनं तुयं काम नाई. तू फडकं दे." त्या उत्तरात दटावणी नव्हती. पूजा करणारा माणूस दुसऱ्याला घंटा वाजवू देतो, अभिषेक करू देत नाही, तसे ते होते. मग फडके तिच्याकडे धुवायला येई आणि त्यावर एक काळी रेघ असे. साबणाने ती कधीच पुरती जात नसे. आणि गेल्या वर्षभरात, हे तिला या कडुनिंबाखाली आठवले, फडके स्वच्छ परत येत होते. आजार अंगात मुरला होता, दवाखान्याच्या खेपा सुरू होत्या, तरी ते त्या रविवारी बाहेर जात, थोड्या वेळाने आत येत, "पाह्यलं," म्हणत आणि घडीचे फडके तसेच तिच्या हातात देत. धुण्याचे एक काम वाचले म्हणून तिला बरे वाटे. बॉनेट उचलण्याचे बळ त्यांच्या हातात उरले नव्हते. ते गाडीसमोर नुसते उभे राहून परत येत होते. आणि ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, तिला तर नाहीच, कारण सांगितले असते तर ती म्हणाली असती, द्या, मी पाहते. रडू येईल अशी तिची अपेक्षा होती. त्याऐवजी राग आला. स्वच्छ, उभा, ताठ राग, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

"रोशन," बापूजी गाडीतून उतरत म्हणाले, "तुया काकूले सांग, सुतक आहे. तेलाले हात लावू नाई."

आकांक्षाने चमकून आईकडे पाहिले. घरात फोडणी बंद होती, तळण बंद होते, डोक्याला तेल नव्हते. ते सगळे नलूने काटेकोर पाळले होते.

"बाबा, ते ऑइल आहे," रोशन म्हणाला. "तेल नाई."

"ऑइलले मराठीत काय म्हनते?"

रोशनने थोडा विचार केला. "तेलच म्हनते."

"मंग?"

"मोठे बाबा," आकांक्षा म्हणाली, "मग डिझेल कसं चालतं? आपण डिझेलवरच आलो ना नदीपर्यंत?"

"डिझल जळते, बाई. जळलं ते अग्नीले गेलं, त्याचा दोष नाई. हे तसं नाई. हे आंगाले लावल्यावानी आहे. इंजनाच्या आंगाले."

नलूला वाटले, किती नेमके. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या या वृद्धाने जळणारे आणि माखले जाणारे असा भेद एका श्वासात केला होता, आणि त्या भेदावर एखाद्या मीमांसकाने समाधानाने मान डोलावली असती. तिच्यापाशी उत्तर होते. ती ते उत्तर वर्षानुवर्षे मुलींना फळ्यावर लिहून देत आली होती: तिलस्य विकारः तैलम्. तिळापासून निघते ते तैल. सरकीचे, जवसाचे, करडईचे, ही सारी तेले केवळ उपचाराने, म्हणजे बोलण्याच्या सोयीने, तेले, आणि भूमीच्या पोटातून निघालेला हा काळा द्रव तर उपचारानेही नाही. निषेध तेलाला आहे. हे तेल नव्हे. म्हणून निषेध नाही. तीन वाक्यांत सुटका होती. ती तीन वाक्ये तिच्या जिभेच्या टोकावर येऊन थांबली, आणि ती त्यांच्याकडे परक्या माणसांकडे पाहावे तशी पाहत राहिली. ही वाक्ये उच्चारणे म्हणजे परवानगी मागणेच होते, फक्त संस्कृतात. बापूजींनी मान्य केले तर हात लावायचा. आणि उद्या कोणी याहून सूक्ष्म व्युत्पत्ती काढली तर हात मागे घ्यायचा. आयुष्यभर शब्दांच्या मुळाशी जाणाऱ्या बाईला प्रथमच असे वाटले, की आज मुळाशी जाऊ नये. तेल तर तेल.

ती बोलत नाही असे पाहून बापूजींचा स्वर थोडा मऊ झाला. "तिले सांग, घोर नको करू म्हना. रोशन, तेरवी झाली का तू गाडी नेनारच आहेस रोहन्याले. मंग पाह्यजो तेलाचं का पान्याचं."

एक ट्रक जवळून गेला आणि त्याच्या वाऱ्याने कडुनिंबाची पाने गाडीच्या टपावर पडली. नलूने रोशनकडे पाहिले. रोशन खाली पाहत होता, म्हणजे त्याला ठाऊक होते. आकांक्षाने आईचा दंड धरला. तिला ठाऊक नव्हते. पुरुषांत कोठेतरी, ओसरीवर किंवा बांधावर, हे ठरून गेले होते, आणि ज्या स्वरात ते आता सांगितले गेले त्यात लबाडी नव्हती. त्यात जिव्हाळाच होता. हेच अधिक अवघड होते. पुढची वर्षे तिला एकदम दिसली: ऑटोची वाट पाहणारी नलू, कोणी येते का म्हणून फोन करणारी नलू, "काकू, या रविवारी जमन का" असे ऐकून बरं म्हणणारी नलू. प्रत्येक प्रवासाला एक चौकट.

"बापूजी," ती म्हणाली.

कडुनिंबाखालची माणसे जागच्या जागी थांबली. बापूजींच्या हातातली चालायची काठी जमिनीवर टेकत असता अर्ध्यावर राहिली. तिच्या डोक्यावर पदर होता, नजर खाली होती, आणि आवाज त्यांच्याकडे सरळ जात होता.

"बापूजी, मी हात लावीन तेलाले. दोष लागन तर मले लागू द्या. आन् गाडी रोहन्याले जानार नाई."

बापूजींनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी मुलाला विचारले, "काय म्हनते ते?"

"तुम्ही आयकलं ना, बाबा," रोशन पुटपुटला.

तिने तेलाची काठी ओढली. हाताशी फडके नव्हते. तिने पदराच्या टोकाने ती पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा ओढली आणि दोन्ही हातांत आडवी धरून डोळ्यांजवळ नेली. काठीवर दोन खुणा होत्या, आणि खालच्या खुणेपर्यंतही काही नव्हते. अगदी टोकाशी एक काळसर ओल होती, एवढेच. तिने ती बोटाला लावून पाहिली. कोमट होती. तिला वाटले होते त्याहून ती पातळ होती, आणि त्या ओलीला वास येत होता करपलेल्या कशाचा तरी, लांबच्या प्रवासाचा. "सेन्सर नाही रोशन," ती म्हणाली. "आणखी थोडं गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं." रोशनने वाकून पाहिले आणि हळूच म्हणाला, "खरंच सुकं आहे, काकू." तो ऑइल आणायला निघाला, पण पाऊल उचलून बापाकडे पाहत राहिला, आणि बापाने काहीच खूण केली नाही. तेव्हा नलूने आकांक्षाला सोबत घेऊन ऑटोला हात केला. पेट्रोल पंपावरच्या माणसाने तिच्या पदरावरचा काळा डाग पाहिला आणि काही न विचारता डबा दिला. परत येऊन तिने तो ओतला, थोडा, मग थांबून काठी पाहून पुन्हा थोडा, वरच्या खुणेच्या वर जाऊ न देता. किल्ली फिरवल्यावर लाल चित्र एक क्षण उजळले आणि विझले.

रोशन चालकाच्या दारापाशी आला. ती आधीच तेथे बसली होती.

"काकू, तुम्ही?"

"मी चालवतो," नलू म्हणाली. शाळेत ती चालवते म्हणाली असती. रोहण्याकडे बायाही चालवतोच म्हणतात, जातो, करतो, पाहतो. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले तेव्हा तिला ते अशुद्ध वाटले होते, आणि पुढे एकदा शिकवता शिकवता ध्यानात आले होते की संस्कृतातल्या क्रियापदालाही लिंग नसते. करोमि म्हणणारा कोण, पुरुष की स्त्री, हे करोमि सांगत नाही. बापूजी निमूट शेजारच्या आसनावर बसले. सगळ्या रस्त्याने ते खिडकीबाहेर पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नवे ऑइल आणि फिल्टर आणवून सगळेच तेल बदलायला घेतले. वरून भर घातली तरी खाली वर्षभराचे जळके ऑइल होतेच, आणि ते तसेच ठेवणे तिला घरात शिळे अन्न ठेवण्यासारखे वाटले. शेजारणी भिंतीपलीकडून डोकावल्या. सुतकात ही अंगणात सतरंजी अंथरून गाडीखाली शिरते आहे, हे दृश्य त्यांना कोठे ठेवावे ते कळेना. "नलिनीताई, बरं नाई वाटत का तुम्हाले?" एकीने विचारले. "बरं वाटते," नलू गाडीखालून म्हणाली. "चांगलं वाटते." गाडी उंच होती, त्यामुळे तिचे वय आणि तिचे गुडघे कसेबसे मावले. इंजिन थोडे चालवून कोमट केले होते, म्हणजे ऑइल सुटे होऊन नीट वाहते. हे तिला खिडकीतून पाहूनच माहीत होते. तिने खाली घमेले सरकवले आणि तळाच्या बोल्टाला पान्हा लावला. तो हलला नाही. तिने दम घेतला, दोन्ही हातांनी जोर केला, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. हा बोल्ट शेवटचा त्यांनीच आवळला होता. त्यांच्या त्या वेळच्या मनगटाचे सारे बळ त्यात अजून शिल्लक होते, आणि ती आता त्या बळाशीच झगडत होती. आजारी, हडकलेल्या, उशीवर निजलेल्या माणसाशी नव्हे, त्याच्या आधीच्या धडधाकट पुरुषाशी, जो म्हणत होता, तुयं काम नाई. "आहे," ती दातांतून म्हणाली. बोल्ट सुटला. काळी, जाड, उबदार धार खाली आली आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. तिने हात मागे घेतला नाही. या तेलाने त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेले होते आणि आणले होते. याच्या आधीच्या तेलांत घाटरस्त्यांची धूळ होती, लग्नांना उशीर झाल्याची भांडणे होती, मागच्या आसनावर झोपलेली लहानगी आकांक्षा होती. काल नदीत जे शिरवले ते पांढरे आणि कोरडे होते, आणि त्याला हात लावताना तिला काही जाणवले नव्हते. येथे, या अंधाऱ्या, वंगणाच्या वासाच्या जागेत, उताणे पडून, तिला तिचा माणूस जाताना प्रथम जाणवला. ती रडली. धार बारीक होत होत थेंबांवर आली, थेंबही थांबले, तेव्हा तिने डोळे दंडाने पुसले, बोल्टाचा वॉशर बदलला आणि तो आवळला. आपल्या जोराने.

बाहेर आली तेव्हा बापूजी ओसरीवरच्या खुर्चीत बसून होते. त्यांनी सगळे पाहिले असावे. नव्या फिल्टरच्या कडेला ती बोटाने ऑइल लावत होती. आकांक्षा आत चहा करत होती; रोशन पानांच्या, पत्रावळ्यांच्या सोयीला गावात गेला होता. मधे कोणीच नव्हते. बापूजींनी एकदा दाराच्या चौकटीकडे पाहिले, सवयीने.

"सुखदेवनं शब्द देलता मले," ते म्हणाले. चौकटीला की तिला, हे त्यांनाही ठरवता आले नसावे. "दिवाळीत आलतो तवा. गाडी रोशनले देजो म्हने. खोटं नाई बोलून राह्यलो मी."

ती थांबली. हे खोटे असावे असे तिला क्षणभर फार वाटले, आणि ते खोटे नाही हेही कळले. दिवाळीत ते दोघे भाऊ रात्री ओसरीवर बोलत बसले होते. आत तिने पांघरूण डोक्यावर घेतले होते. तेथे हा शब्द दिला गेला. ज्याला बॉनेट उचलवत नव्हते त्याने गाडीची सोय लावली, भावाच्या मुलाच्या बळकट हातांत. त्या विचारात प्रेम होते, दूरदृष्टी होती. फक्त ती नव्हती.

"देला असन," ती म्हणाली. "खोटं नाई म्हनत मी तुम्हाले. पन मले नाई विचारलं त्यायनं."

"मेलेल्या मानसाचा शब्द आहे, नलू."

तिचे नाव त्यांच्या तोंडून तिने पूर्वी कधी ऐकले नव्हते. ते ऐकून तिला मऊ व्हावेसे वाटले, आणि ती मऊ झाली नाही. "जिवंत असते तरी हेच म्हनली असती," ती म्हणाली. "त्यायच्या तोंडावर म्हनली असती."

 धाकट्या भावाला बापूजींनी खांद्यावर बसवून पोळ्याची बैलजोडी दाखवली होती, आणि त्याच भावाला परवा त्यांनी खांदा दिला होता. आता त्याच्यासाठी करण्यासारख्या त्यांच्यापाशी दोनच गोष्टी उरल्या होत्या: सुतक पाळणे आणि शब्द पाळणे. या बाईने एका दिवसात दोन्हींना हात घातला होता. नलूला हे दिसत होते. त्यांच्या जागी ती असती तर तीही असेच बसली असती. तरीही तिने फिल्टर जागेवर बसवला आणि हाताने घट्ट फिरवला.

"काऊन पन?" ते शेवटी म्हणाले. "तू काय करशीन गाडीचं?"

"जाईन."

"कुठं?"

"ते अजून ठरलं नाई."

बापूजींच्या मिशीखाली काहीतरी हलले. ते हसू होते की आवंढा, सांगता येत नाही. "तेरवीले लोकं विचारतीन, गाडी कोनाची. मी काय सांगू?"

"नलूची, म्हना."

ते उठले आणि आत गेले. आतून त्यांचा आवाज आला, "आकांक्षा, तुया मायले साबन दे. कोपरापर्यंत भरला आहे हात."

तेराव्या दिवशी, तेरवीला, रोहण्याची, आर्वीची माणसे आली, आणि त्यांतल्या एका चुलत्याने पंगतीत विचारले, की मोठी गाडी आता रोशनकडे ना. बापूजी भात कालवत होते. ते म्हणाले, "नलूची आहे. तिलेच विचार." चुलता विचारायला गेला नाही. रोशन वाढता वाढता थोडा थबकला आणि पुढच्या पानाकडे वळला. तो दोन दिवस काकूशी मोजकेच बोलला, आणि नलूने त्याला समजावले नाही. समजावणे म्हणजे पुन्हा कारणे देणे होते.

जायच्या दिवशी बापूजींच्या गुडघ्याला बसचा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून तिनेच त्यांना आणि रोशनला रोहण्याला पोहोचवायचे ठरवले. निघण्याआधी तिने काठी पाहिली. मधासारखे सोनेरी ऑइल काठीवर वरच्या खुणेपर्यंत चढले होते. आर्वीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी तुरी पिवळ्या झाल्या होत्या. गाडी एका सुरात चालत होती आणि कोणी तिच्या चालवण्याविषयी काही म्हणत नव्हते. फक्त एका वळणावर बापूजी म्हणाले, "जोरानं नको घेऊ," तेही सरळ तिलाच, आणि ती हो म्हणाली.

रोहण्याच्या घरासमोर तिने गाडी थांबवली तेव्हा तिला ते दिसले. गोठ्याच्या बाजूला चार कोरे लोखंडी खांब रोवून त्यांवर पत्र्याच्या नव्या टिना टाकल्या होत्या. खाली मुरूम पसरून, धुम्मसने बसवून जमीन सपाट केली होती. उन्हात टिना चमकत होत्या. खाली काहीच नव्हते. एका मोठ्या गाडीएवढी, अगदी त्याच मापाची, झाडून ठेवलेली सावली. रोशन पिशव्या उतरवता उतरवता उभा राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.  हे शेड दिवाळीनंतर, रोशनने स्वतःच्या हातांनी, भावी मालकाच्या हौसेने बांधले होते, हे सांगायला कोणाची गरज नव्हती.  एवढा वेळ नलूने ज्याला नकार दिला तो एक शब्द होता. आता तो खांब आणि टिना होऊन समोर उभा होता आणि त्यात एका माणसाचे श्रम दिसत होते. मोठ्या मनाने देऊन टाकावे, असा एक गोड, ओळखीचा विचार तिच्या मनात आला. तिने तो येऊ दिला. जाऊही दिला.

घरासमोरची गल्ली अरुंद होती. गाडी वळवायला दुसरी जागा नव्हती. "रोशन," ती म्हणाली, "मागं पाह्यजो, खांबाले लागत तं नाई." रोशनने पिशव्या खाली ठेवल्या आणि मागे जाऊन उभा राहिला. तिने गाडी हळूहळू मागे घेतली, टिनांच्या सावलीत पुरती शिरेपर्यंत. "बस, काकू," तो म्हणाला. "बरोबर आहे. येऊ द्या आता पुढं." क्षणभर गाडी त्या छपराखाली उभी होती, जणू तिची तीच जागा असावी अशी. मग नलूने पहिला गिअर टाकला, स्टिअरिंग पुरते फिरवले आणि ती उन्हात बाहेर आली, तोंड वर्ध्याच्या रस्त्याकडे करून.

त्या छपराखाली यंदा कापसाचे ढीग लागोत, आणि ज्याने ते उभारले त्याच्या हाताला यश येवो. थोरल्याचे गुडघे चालते राहोत आणि त्याचा आवाज त्या घरात कोणालाही सरळ पोहोचो. जो गेला त्याला उत्तम गती मिळो. आणि जी एकटी त्या रस्त्याने निघाली आहे, तिला जेथे जावेसे वाटेल तेथे रस्ता असो.